श्वास देणाऱ्या मास्कची भीती

‘रोगापेक्षा औषध भयंकर’ हे आपण सहसा थट्टेने म्हणतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र एक रोग असा आहे, की ज्याच्या रुग्णांना हे वाक्य अगदी मनापासून खरे वाटत आले आहे. या रोगात माणूस झोपेत रात्रभर पुनःपुन्हा गुदमरतो, आणि सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे नाकावर मास्क बांधून एका छोट्या यंत्राने हवा पुरवणे. या हवेने गुदमरणे थांबते. पण मास्क बांधल्याबरोबर जागेपणी अनेकांना वाटते, की आता आपण गुदमरणार! छाती धडधडते, घाम फुटतो आणि हात आपोआप मास्क ओढून काढतात. थोडक्यात, जे गुदमरणे खरे आहे त्याची भीती वाटत नाही आणि ज्याची भीती वाटते ते गुदमरणे खरे नाही.

रोगाचे नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध. भीतीचे नाव क्लॉस्ट्रोफोबिया, म्हणजे बंदिस्त जागेची भीती. या दोघांची गाठ कशी पडली आणि ती सोडवायचे शास्त्र कुठून आले, याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. शिक्षकांना त्यात विशेष रस वाटावा, कारण उत्तराची सुरुवात रुग्णालयात झालेली नाही. ती झाली अडीच-तीन वर्षांच्या एका मुलाच्या खोलीत.

घोरण्यामागे दडलेला रोग

दिवसाढवळ्या कुठेही झोपी जाणारी, प्रचंड घोरणारी लठ्ठ माणसे लोकांनी पूर्वापार पाहिलेली आहेत. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ मधील कादंबरीत जो नावाचा असाच एक पोरगा आहे. १९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ पत्ते खेळत असता हातात तीन एक्के आणि दोन राजे आलेले असतानाही पेंगले, तेव्हा कुठे त्यांना आपल्या झोपेची काळजी वाटू लागली! बरवेल यांनी या विकाराला डिकन्सच्या कादंबरीवरून ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ही गुंगी येत असावी, असा त्यांचा तर्क होता.

परंतु या रुग्णांना झोपलेले असताना कोणी नीट तपासलेच नव्हते. १९६५ साली ते काम फ्रान्समधील मार्सेय येथे गॅस्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांनी स्वतंत्रपणे केले. मेंदूतील विद्युत्‌लहरी आणि श्वास यांची रात्रभर एकत्र नोंद घेतली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. श्वास मधूनमधून चक्क बंद पडत होता, आणि दर वेळी काही क्षणांची जाग येऊन तो पुन्हा सुरू होत होता. दिवसाची झोप ही रात्री न मिळालेल्या झोपेची वसुली होती.

श्वास बंद का पडतो? ओली झालेली कागदी नळी घेऊन दाट ताक जोरात ओढून पाहा. नळी चपटी होते आणि ताक वर येत नाही. आपल्या घशाला हाडांचा आधार नसतो. त्याच्या भिंतींतले स्नायू जागेपणी ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैलावतात. आपण श्वास आत ओढतो तेव्हा आतील दाब कमी होतो आणि मुळात अरुंद असलेला घसा त्या नळीसारखा चपटा होतो. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा घोरण्याचा आवाज होतो आणि श्वास सुरू होतो. मग पुन्हा झोप, पुन्हा तेच. असे अडथळे तासाला ५ पेक्षा कमी असतील तर ते सर्वसाधारण मानतात. ३० किंवा त्याहून जास्त असतील तर रोग तीव्र समजला जातो. रक्तदाब वाढणे, हृदयावर ताण पडणे, गाडी चालवताना डुलकी लागणे हे याचे पुढचे परिणाम.

हा रोग आपल्याकडेही आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांपासून सुरुवात करून केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या अंदाजानुसार १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतील श्वासात असा बिघाड होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणामुळे ‘स्लीप ॲप्निया’ हा शब्द घरोघरी पोचला.

गळ्याला छिद्र की नाकाला मास्क?

रोग समजला, पण इलाज काय? १९६९ साली कुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ हिशेब केला. घशात वाट बंद होत असेल तर घसा टाळूनच हवा आत न्यावी. गळ्यावर शस्त्रक्रिया करून श्वासनलिकेला छिद्र पाडायचे. ते दिवसा बुचाने बंद करायचे आणि रात्री उघडायचे. उपाय हमखास होता. पण जन्मभर गळ्याला छिद्र बाळगायचे, ते रोज साफ करायचे, जंतुसंसर्ग सांभाळायचा, पोहणे विसरायचे. एवढे सगळे करायला माणूस फार आजारीच असावा लागे.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी दुसरी वाट शोधली. १९७० च्या दशकात कॅनडातील टोरांटो येथे एलियट फिलिपसन यांच्यासोबत ते झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास करत होते. त्या कामात कुत्र्यांच्या नाकाडावर नीट बसतील असे मास्क तयार करण्याचा त्यांना सराव झाला. सिडनीला परतल्यावर त्यांच्या मनात विचार आला, की नाकातून किंचित जास्त दाबाची हवा सतत सोडली, तर घशाच्या भिंती आतून रेटून धरता येतील का? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चपटी राहत नाही, तसेच हे.

जून १९८० मध्ये ही संधी आली. रोग तीव्र असलेला एक रुग्ण गळ्याला छिद्र पाडून घ्यायला तयार नव्हता, पण एक रात्र प्रयोग करून पाहायला तयार झाला. हवा पुरवायला व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीचा फुंकणी म्हणून उपयोग केला. दाब वाढवला की श्वास मोकळा होई. कमी केला की पुन्हा अडे. तो माणूस त्या रात्री सात तासांहून अधिक झोपला आणि सकाळी कित्येक वर्षांत प्रथमच ताजातवाना उठला. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सलिव्हन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. हाच ‘सी-पॅप’, म्हणजे श्वसनमार्गाला सतत धन दाब देण्याचा उपचार.

व्हॅक्यूम क्लीनरची मोटार या कामी वापरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३६ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील डॉ. पूल्टन यांनी हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साठलेल्या रुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली, तीही अशाच मोटारीने. १९७१ साली अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसे अपुरी उमललेल्या नवजात बालकांना सतत धन दाब देऊन त्यांचे प्राण वाचवले होते. तंत्र जुनेच होते. ते झोपेतल्या घशासाठी वापरण्याची कल्पना सलिव्हन यांची.

हा दाब किती असतो, हे वर्गात सहज दाखवता येते. गवंडी पातळी काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी मीटरभर घ्या. फळीवर ती इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात बांधा आणि तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एका टोकाला पेय पिण्याची नळी जोडून हळूच फुंका. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक पडला की झाला सी-पॅपचा दाब. (प्रत्येक मुलाला स्वतंत्र नळी द्यावी, जोर लावू देऊ नये.) सलिव्हन यांच्या पाच रुग्णांना ४.५ ते १० सेंटिमीटर इतकाच दाब पुरला होता. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १०३३ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका असतो. म्हणजे त्यात जेमतेम एक टक्क्याची भर! एवढ्याशा दाबाने फुप्फुस फुटेल, अशी जी धास्ती काही रुग्णांना वाटते, ती या प्रयोगाने तरी जायला हवी.

भीती मात्र अशी हिशेबाने जात नाही.

१९९३ : एका वर्षातले पाच निबंध

आरंभीचे मास्क आजच्यासारखे मऊ आणि हलके नव्हते. पहिल्या प्रयोगांत नाकपुड्यांत नळ्या बसवून त्या सिलिकॉन रबराने हवाबंद केल्या होत्या. पुढे प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन फायबरग्लासचे मास्क बनवले गेले. ते रोज रात्री चेहऱ्याला चिकटवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. मोटारीचा आवाजही मोठा असे. तरीही लोकांनी ते सोसले, कारण दुसरा पर्याय गळ्याला छिद्र हा होता. या रुग्णांचा त्रास इतका मोठा होता आणि आराम इतका लख्ख, की भीतीचा प्रश्न फारसा पुढे आलाच नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पट्ट्यांनी बांधायचे मऊ मास्क आणि घरी वापरायची छोटी यंत्रे बाजारात आली. आता मध्यम आणि सौम्य रोगाचे लोकही उपचार घेऊ लागले आणि परिस्थिती पालटली. १९९३ साली पाच निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचे लेखक वेगवेगळ्या शाखांतले, बहुतेक एकमेकांशी संबंध नसलेले. आज ते एकापुढे एक ठेवून वाचले की प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसू लागतात.

पहिला निबंध टेरी यंग आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वयाच्या ६०२ नोकरदारांची त्यांनी रात्रभर तपासणी केली. तासाला ५ किंवा अधिक अडथळे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत आढळले. रोग दुर्मिळ नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दुसरा निबंध नॅन्सी क्रिब्ज आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत, त्यांना न सांगता, वापराची नोंद करणारे उपकरण बसवले. ६० टक्के रुग्ण म्हणाले, ‘आम्ही रोज रात्री मास्क लावतो.’ प्रत्यक्षात ७० टक्के दिवस किमान चार तास मास्क लावणारे केवळ ४६ टक्के निघाले. गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकांना यात काही नवल वाटणार नाही! पण यामागे सगळा आळसच होता असे नाही. कोणाचे नाक कोरडे पडे, कोणाच्या गालाला पट्टे रुतत. आणि काहींना मास्क चेहऱ्याजवळ येताच धाप लागे.

उरलेले तीन निबंध या शेवटच्या गटाच्या भीतीचे कोडे उलगडायला उपयोगी पडतात. त्यांकडे आता वळू.

भीती नेमकी कशाची?

बंद जागेच्या भीतीला ‘क्लॉस्ट्रोफोबिया’ हे नाव १८७९ साली पॅरिसमधील मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन बॉल यांनी दिले. मराठीत त्यासाठी एकच शब्द रूढ नाही. पण मराठी माणसाला हा अनुभव चांगला ठाऊक असावा, असे आपल्या शब्दांवरून दिसते. आपण माणसाला खोलीत ‘कोंडतो’ आणि श्वासही ‘कोंडतो’. ‘घुसमट’ दाट धुरात होते, तशी घरात मन मोकळे करता न येणाऱ्या माणसाचीही होते. अडकणे आणि श्वास न मिळणे या दोन गोष्टी भाषेने एकत्र बांधून टाकल्या आहेत.

१९९३ मधील तिसऱ्या निबंधात कॅनडातील स्टॅन्ली रॅचमन आणि स्टीव्हन टेलर यांनी हीच गाठ सोडवून दाखवली. बंद जागेच्या भीतीत दोन वेगळे धागे असतात, असे त्यांनी मांडले. एक गुदमरण्याची भीती आणि दुसरी अडकून पडण्याची भीती. लिफ्टमध्ये कोणाला हवा संपेल असे वाटते, तर कोणाला दार उघडणार नाही असे वाटते. मास्कमध्ये दोन्ही धागे एकदम ओढले जातात, कारण नाक झाकलेले असते आणि डोके पट्ट्यांनी बांधलेले असते. एखाद्या रुग्णाला नुसत्या नाकपुड्यांशी टेकणाऱ्या लहान मास्कने बरे वाटते. दुसऱ्याला पट्टा एका हाताने झटकन सोडता येतो हे कळले की धीर येतो. दोघांची भीती बाहेरून सारखी दिसली तरी आतून वेगळी असते.

चौथा निबंध डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचा. त्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात हवाबंद पेटीत स्वतःला कोंडून घेऊन उच्छ्वासाने दूषित झालेल्या हवेचा अभ्यास केला होता. (आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढणारे जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) १९०५ साली हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले, की आपल्या श्वासाचा वेग एरवी ऑक्सिजनवरून नव्हे तर कार्बन डायऑक्साइडवरून ठरतो. फुप्फुसातील त्याचे प्रमाण जरासे वाढले तरी श्वास खोल आणि जलद होतो. हवेसाठी होणारी ती जिवाची तगमग प्रामुख्याने या वायूमुळे होते.

क्लाइन यांनी असे सुचवले, की मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी एक घंटा असते आणि काही लोकांत ती फार हलक्या स्पर्शाने वाजते. हवा भरपूर असतानाही ती वाजली की माणूस घाबरून जातो. या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला, आणि सगळी भीती त्याने उलगडत नाही. पण मास्कच्या बाबतीत त्याचा एक उपयोग आहे. घंटा खोटी असली तरी तिचा आवाज खरा असतो. म्हणून ‘उगाच घाबरता, यात भरपूर हवा आहे’ असे म्हटल्याने रुग्णाचे समाधान होत नाही.

यंत्रकर्त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा विचार पहिल्यापासून केलेला आहे, हेही सांगायला हवे. सी-पॅपच्या मास्कला मुद्दामच बारीक छिद्रे ठेवलेली असतात. यंत्रातून येणारा हवेचा झोत उच्छ्वासाला त्यांतून सतत बाहेर ढकलतो. त्यामुळे यंत्र चालू असताना मास्कमध्ये हवा कोंडत नाही. यंत्र बंद असताना मात्र हा झोत नसतो. म्हणून सरावासाठी बंद यंत्राचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बांधून बसू नये. त्या वेळी घंटा अगदीच खोटी वाजत नसते.

पीटर आणि ससा

पाचव्या निबंधाकडे जाण्याआधी १९२४ सालात डोकावू. अध्यापक विद्यालयातील मानसशास्त्रात जॉन वॉटसन आपल्याला भेटतात. १९२० साली त्यांनी आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम निर्माण केली होती. तो प्रयोग गाजला आणि पुढे त्यावर टीकाही झाली. भीती घालवण्याचा प्रयोग त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. तो मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने न्यूयॉर्कमध्ये केला.

मुलाचे नाव पीटर. वय दोन वर्षे दहा महिने. त्याला पांढरा उंदीर, ससा, लोकरी कोट, पीस, कापूस या सगळ्यांची भीती वाटे. जोन्सबाईंनी त्याला रागावले नाही, समजावलेही नाही, आणि ससा एकदम त्याच्या मांडीवरही ठेवला नाही. पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूरवर आणला जाई. तो रडणार नाही इतक्या अंतरावर पिंजरा ठेवायचा आणि पुढच्या खेपेला थोडा जवळ आणायचा. कधी सशाला न भिणारी मुलेही सोबत खेळायला असत.

जोन्सबाईंनी प्रगतीच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. पहिल्यांदा पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही दिसला तरी भीती. मग १२ फुटांवर चालला, मग ४ फुटांवर, मग ३ फुटांवर. मग पिंजरा अगदी जवळ. मग ससा खोलीत मोकळा. मग बाईंच्या हातात असताना त्याला बोट लावणे. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला आणि आपली बोटे त्याला कुरतडू देऊ लागला. मधल्या काळात तो तापाने दोन महिने रुग्णालयात होता. तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि भीती पुन्हा उसळली. बाईंनी तो अपयशाचा शेरा मानला नाही. काही पायऱ्या खाली उतरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉ. जोसेफ वोल्पे यांनी याच सूत्राला उपचारपद्धतीचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून त्यांनी युद्धाच्या भीतीने खचलेले सैनिक पाहिले होते. नंतर भेदरलेल्या मांजरांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले, की भीती कमी असलेल्या जागेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाऊ घालत गेले तर प्राणी सावरतो. १९५८ मधील त्यांच्या पुस्तकामुळे ही क्रमशः सवयीची पद्धत जगभर गेली.

शाळांनी मास्कच्या बाबतीत हा धडा एकदा गिरवलेलाही आहे. विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३८ पर्यंत सुमारे ३ कोटी ८० लाख गॅस मास्क वाटले गेले. लहान मुलांसाठी लाल-निळ्या रंगाचे मास्क काढून त्यांना ‘मिकी माउस’ नाव दिले होते. युद्धकाळात शिक्षक वर्गात ते घालण्याचा नियमित सराव घेत, आणि मुले त्यांत फुंकून चमत्कारिक आवाज काढत. तो खेळ होता, पण सरावही होता.

सशाच्या जागी मास्क

१९९३ मधील पाचवा निबंध अगदी लहान आहे. अमेरिकेतील जॅक एडिंगर आणि रॉडनी रॅडटके यांनी मास्कची असह्य भीती वाटणाऱ्या एका रुग्णाला याच क्रमशः सवयीने मास्क वापरायला शिकवले, त्याची ही हकीकत. २००७ साली मेलनी मीन्स आणि एडिंगर यांनी आणखी काही रुग्णांचे अनुभव मांडले. या पद्धतीचा गाभा पीटरच्या सशासारखाच आहे.

पहिली पायरी दिवसा, जागेपणी. यंत्र सुरू करून मास्क हाताने नाकाशी धरायचा, पट्टे लावायचे नाहीत. तोंड मिटून सावकाश श्वास घ्यायचा. एक मिनिट जमले तर एक मिनिट, मग पाच, मग आणखी. केव्हाही दूर करता येतो, कारण तो आपल्याच हातात आहे. दुसऱ्या पायरीवर पट्टे बांधायचे, तेही जागेपणी. वर्तमानपत्र वाचत किंवा गाणी ऐकत. तिसऱ्या पायरीवर मास्क लावून दुपारची डुलकी. चौथ्या पायरीवर रात्र. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागली की मगच पुढची. एखाद्या दिवशी घाबरल्यासारखे झाले, तर सगळे सोडून न देता खालच्या पायरीवर यायचे. ज्याला यंत्र सुरू करून मास्क नाकाशी धरणेही जड जाते, त्याने आधी तो नुसता हाताळावा, उलटसुलट करून पाहावा, घरच्यांना दाखवावा.

यंत्रेही माणसाला सामावून घ्यायला शिकली आहेत. कमी दाबापासून सुरू होऊन झोप लागेपर्यंत हळूहळू वाढणारा दाब, श्वास सोडताना कमी होणारा दाब, नजरेआड न येणारे लहान मास्क या सोयी आता सर्रास मिळतात. त्यांपैकी काय घ्यायचे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. मन घट्ट करण्यासाठी दारूचा घोट घेणे मात्र सर्वथा चूक आहे. दारूने घशाचे स्नायू आणखी सैलावतात आणि रोग वाढतो. झोपेच्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नयेत.

एलीन चेसन्स आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात भीती जास्त असलेले लोक मास्क कमी वापरतात असे तर दिसलेच. पण मास्क वापरत गेले की भीतीही उतरत जाते, असेही दिसले. म्हणजे भीती जाण्याची वाट पाहत बसून मास्क लावणे पुढे ढकलणारा माणूस बहुधा वाटच पाहत राहील.

शिक्षकांसाठी

या इतिहासाचा शाळेशी संबंध दोन जागी येतो. पहिली जागा रोगाची. १८८९ साली विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी मुलांच्या ‘मठ्ठपणा’च्या काही कारणांवर निबंध लिहिला होता, त्यात त्यांनी नाकाच्या मागे वाढलेल्या गाठींकडे आणि बंद नाकाकडे बोट दाखवले होते. १९९८ साली अमेरिकेत डेव्हिड गोझाल यांनी पहिलीच्या वर्गातील अभ्यासात सर्वांत मागे असलेली २९७ मुले तपासली, तेव्हा त्यांतील ५४ जणांच्या झोपेतील श्वासात बिघाड सापडला. ज्यांच्या घशातील गाठी शस्त्रक्रियेने काढल्या, त्यांचे गुण पुढच्या वर्षी सुधारले. वर्गात पेंगणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल रात्री जोरात घोरते का, हे पालकांना एकदा विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरी जागा भीतीची. मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून त्याची अंधाराची भीती जाईल, पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलले की तो आपोआप शिकेल, असे मानणारे लोक अजूनही भेटतात. दुसऱ्या टोकाला, ‘भिण्यासारखे काही नाही’ एवढे सांगून आपले काम झाले असे समजणारेही आहेत. ढकलणे आणि समजावणे या दोन्हींपेक्षा वेगळी वाट जोन्सबाईंनी १९२४ साली दाखवली होती. ती मास्क घाबरून फेकून देणाऱ्या रुग्णापर्यंत पोचायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. फळ्यासमोर उभे राहताच थरथरणारी, गणिताचा तास आला की पोटात दुखणारी मुले तर आपल्या रोजच्या वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी ‘१२ फूट’ कुठे आहेत, हे शोधणे आपल्या हाती आहे. जागेवर बसून उत्तर देणे, मग उभे राहून देणे, मग मित्रासोबत फळ्यापर्यंत जाणे, अशा पायऱ्या कोणताही शिक्षक आखू शकतो. आणि एखाद्या दिवशी मूल मागे सरले, तर पीटरप्रमाणे त्यालाही दोन पायऱ्या खाली उतरू द्यावे.